नियम पहिला

नववी ब ला मी फळ्यावर लिहून दिलं :
तुमच्या पात्राला शेवट माहीत नाही.
तुम्हाला आहे. तो दडवून ठेवा.

नियम दुसरा : पुराव्याशिवाय कोटाला बटणसुद्धा लावायचं नाही.
कापड कुठलं, रेशनवर पाव किती,
पाणी कितव्या मजल्यावर चढवावं लागे, शोधा, मग लिहा.
तिसरा सांगायच्या आत एसी बंद पडला
आणि शारजाचा मे महिना वर्गात येऊन बसला.

गावाचं नाव लिहितात लॉझ, म्हणतात वूच.
अर्धा तास हसण्यातच गेला.
हसू दिलं.

रुखय्या मुकादम मूळची रेवदंड्याची.
तिच्या पात्राचे आजोबा तेली निघाले,
घाणा चालवणारे, शनिवारी बैल मोकळा सोडणारे.
वूचमध्ये खोबरं? मी लाल पेनानं विचारलं.
ती म्हणाली, नानी सांगते ना,
शेजारी शनवारतेली होते, ईदला शिरखुर्मा न्यायचे,
मग एक दिवस कुलूप लावून बोटीनं गेले.
मिस, मला तेवढेच ज्यू माहीत आहेत.

पेनाला टोपण लावलं.
मग म्हटलं, तरी खोड. त्यांना रेवदंड्यातच राहू दे.
हिला हिचे आजोबा शोधून दे.
तीन दिवसांनी आले ते गिरणीतले विणकर,
मागांच्या खडखडाटानं एका कानानं बहिरे.

पहिल्या आठवड्यात तीन व्हायोलिनवाले झाले होते,
दोघांना रजा दिली.
प्रणीतनं आपल्या मुलाला तारेखालून पळवलं.
कुणाचे बूट घालून? किती वाजता? दार कुणी उघडलं?
एवढंच विचारलं मी.
त्यानं माझ्याकडे न बघता
मुलाला परत आणून खोलीत बसवलं.
त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरेना.

जेरिन शेवटच्या बाकावर, वही कोरी.
त्याचे पप्पा बस चालवतात. पांढरी, जुनी,
पहाटे चारला सोनापूरहून माणसं भरून साइटवर.
सोनापूर. माझ्या सासऱ्यांच्या तोंडी, गिरगावात,
सोनापूर म्हणजे मसण. माणूस एकदाच जायचा तिथे,
चौघांच्या खांद्यावर.
दुबईच्या सोनापूरला रोज जातात, झोपायला,
आणि त्याला कॅम्प म्हणतात,
सहज, आपण चाळ म्हणतो तसं.

म्हणून पहिल्याच तासाला सांगून ठेवलं होतं :
शब्द एक असला म्हणून गोष्ट एक होत नाही.
जेरिननं तेव्हा मान हलवली होती.

आता म्हणाला, मिस, सगळ्यांनी आतली माणसं घेतली.
गाडी कोण सोडत होतं?

त्यानं कारकून रचला. रेल्वेतला.
मुलीच्या दाढदुखीनं रात्रभर जागा,
पेन्सिलीला टोक काढत बसणारा.
दर शोधले. पुराव्यासकट वाचले :
तिसऱ्या वर्गाचं भाडं, किलोमीटरप्रमाणे.
दहा वर्षांखालच्यांना अर्धं.
चार वर्षांखाली फुकट.
परतीचं तिकीट फक्त पहारेकऱ्यांचं.
कारकून बेरीज करतो. बेरीज बरोबर येते.
येताना लवंगेचं तेल घेऊन तो घरी जातो.

कुणीतरी पाणी प्यायलं, घोट ऐकू आला.
मी म्हणाले, जेरिन, तुझे पप्पा जे...
माहीत आहे मिस. सारखं नाही.
पप्पा रात्री आठला सगळ्यांना परत आणतात.
डोकी मोजतात. एक कमी भरलं
तर बस हलवत नाहीत. शिव्या खातात, पण थांबतात.

वही अजून माझ्याकडे आहे.
स्पेलिंगच्या चार चुका दुरुस्त केल्यात,
वीसपैकी किती, ते जमत नाही.
लवंगेच्या तेलाला पुरावा जोडलेला नाही,
तेही विचारलं नाही.

अल नहदाच्या सिग्नलला संध्याकाळी
एक बस शेजारी येऊन उभी राहते.
खिडकीच्या दांडीवर वाळत घातलेला टॉवेल,
काचेला टेकलेली, झोपेत डुलणारी डोकी.
मी मोजू लागते.
सव्वीसपर्यंत येते,
आणि सिग्नल सुटतो.